सुर्ली घाटातली प्रार्थना

शांतवन अवघडे म्हणजे नावानं शांत आणि आडनावानं अवघड. उंब्रजच्या स्टँडवर ही थट्टा इतकी मुरलेली, की वडापच्या, म्हणजे सीटभाड्यावर माणसं नेणाऱ्या जीपांच्या, नंबराला नवी जीप लागली तर तिच्या ड्रायव्हरला ती पहिल्याच दिवशी ऐकवली जायची. शांतवन स्वतः त्यावर सगळ्यांत मोठ्यानं हसायचा. उंच, रुंद छातीचा, झुपकेदार मिशीचा गडी. मिलिटरीत ड्रायव्हर म्हणून भरती झाला आणि हवालदार होऊन पेन्शनीत आला. लडाखच्या बर्फातून त्यानं रसदीचे ट्रक नेले. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला पार खाली नदीची बारीक रेघ, असले ते रस्ते. तिथं स्टेअरिंगला हात लावण्यापूर्वी तो टोपी सरळ करायचा आणि वर बघून म्हणायचा, "प्रभो, चल. तू म्होरं, मी मागं." एवढीच त्याची प्रार्थना. गावी आल्यावर चर्चमध्ये देवाचा अनुभव सांगायच्या, साक्षीच्या वेळी तो हे सांगायचा, तेव्हा बायकांच्या बाजूला बसलेल्या म्हाताऱ्या पदरानं डोळे टिपायच्या.

पेन्शनीत आल्यावर त्यानं जीप घेतली आणि उंब्रज ते पाटण वडाप सुरू केलं. माणसं दाटीवाटीनं भरायची, वाटेत गावोगाव सोडत जायचं, येताना दुसरी घ्यायची. गडी मजेत होता.

मग गेल्या पावसाळ्यात हायवेवर त्याच्या जीपपुढं एक मोटारसायकल घसरली. मागं बसलेली बाई रस्त्यावर पडली. शांतवननं असा ब्रेक दाबला की जीप रस्त्यात आडवी फिरून थांबली. चाक आणि बाईचा हात यांच्यात वीतभर जागा राहिली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. बाई उठली, पदर झाडला, नवऱ्याला चार शिव्या हासडल्या आणि दोघं आपल्या वाटेनं गेली. जीपमधल्या माणसांनी शांतवनची पाठ थोपटली. त्यानं त्या दिवशी राहिलेल्या खेपाही मारल्या, घरी येऊन पोटभर जेवला.

भीती आली ती नंतर, सगळं विसरून गेल्यावर. एका लग्नाचं वऱ्हाड घेऊन तो मसूरच्या रेल्वे फाटकात थांबला होता. पुढं गाड्या, मागं गाड्या, जीपमध्ये नटलेल्या बायकांचा कलकलाट. एकाएकी त्याची छाती धडधडायला लागली. तळहातांना घाम सुटला, श्वास पुरेना. आपण आता मरतोय, असं त्याला अगदी स्पष्ट वाटलं. तो दार उघडून खाली उतरला आणि रस्त्याच्या कडेला उकिडवा बसला. फाटक उघडलं, मागच्या गाड्या हॉर्न मारून मारून दमल्या, तरी तो उठला नाही. शेवटी नवरीच्या मामानं जीप चालवत नेली.

कऱ्हाडच्या डॉक्टरांनी छातीची पट्टी काढली, रक्त तपासलं आणि ते हसले. "हवालदारसाहेब, काळीज बैलासारखं आहे तुमचं. हा भीतीचा झटका आहे. यात लाजायचं काही नाही. गोळ्या देतो, आणि मनाच्या डॉक्टरांना एकदा दाखवा." शांतवननं दोन्ही केलं. झोप लागायला लागली, भूकही परतली. पण स्टेअरिंगवर बसायचं म्हटलं की हात ओले व्हायचे. लोकांना त्यानं सांगून टाकलं की गिअरबॉक्स गेलाय. जीप घरापुढच्या चिंचेखाली उभी राहिली. रिकाम्या हातांना काहीतरी हवं म्हणून तो ती रोज सकाळी धुवायचा. उंब्रजात इतकी लख्ख वडाप जीप कुणी पाहिली नव्हती.

चर्चलाही तो जाईनासा झाला. उपासनेत मूक प्रार्थनेची वेळ आली की त्या शांततेत स्वतःच्याच काळजाचे ठोके त्याला ऐकू यायचे आणि घाम फुटायचा, हे एक कारण. दुसरं त्यानं कुणाला सांगितलं नाही. तो देवावर रुसला होता. ज्यानं बर्फाच्या कड्यावरून सुखरूप आणलं, त्यानं मसूरच्या फाटकात हात सोडला, तेही वऱ्हाडासमोर. हे त्याला लय लागलं होतं.

त्याची बायको संयोगिता अंगणवाडी चालवते. तिला सगळं कळत होतं, पण ती विचारत नव्हती. लेकरू रुसलं की त्याच्याभोवती फार घोटाळायचं नसतं, हे ती रोजच्या कामातून शिकली होती. ती फक्त रविवारी जाताना त्याचा इस्त्रीचा शर्ट खुंटीला अडकवून जायची. परत आली की शर्ट तिथंच असायचा. ती तो घडी करून ठेवायची.

राखेचा बुधवार आला आणि ईस्टरआधीचे उपासाचे चाळीस दिवस सुरू झाले. कुणी चहा सोडला, कुणी मटण. चर्चचे तरुण पाळक इंद्रजित संध्याकाळी घरोघर प्रार्थना घ्यायला लागले. पहिल्या उपासनेहून संयोगिता कपाळावर राखेचा क्रूस घेऊन घरी आली. शांतवन जीपचे आरसे पुसत होता.

"काय म्हनलं पाळकसाहेब?" त्यानं आरशातूनच विचारलं.

"देवाकडं माघारी फिरा म्हनलं."

"मला म्हनलं?"

"सगळ्यांना म्हनलं. आता तुमालाच लागलं तर त्याला मी काय करू?"

शांतवननं आरसा आणखी जोरात घासला.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी हरणाबाई दारात येऊन उभी राहिली. चर्चच्या मागच्या गल्लीत एकटी राहणारी ही म्हातारी, ऐंशीच्या घरातली, काटक, आवाज खणखणीत. मूळची आटपाडीकडच्या मेंढपाळांची लेक. तरुणपणी दुष्काळी कामावरच्या एका ख्रिस्ती मुकादमाशी लग्न लावून उंब्रजला आली. माहेरानं थोडे दिवस तोंड फिरवलं, मग आईच तिच्याकडं येऊन राहून, जेवून गेली. त्यावरून भांडण उरलं नाही. भांडण झालं ते आई वारली तेव्हा. निरोप उशिरा पोचला, त्यात वाटेतला पूल पाण्याखाली. हरणाबाई माहेरी पोचली तेव्हा राख सावडून झाली होती. धाकट्या बहिणीनं, धोंडुबाईनं, तिला उंबऱ्यातच अडवलं. "आई तुजं नाव घेत गेली. आता कशाला आलीस?" हरणाबाईही तापट. पाणीसुद्धा न पिता तशीच माघारी आली. तेव्हापासून दोघी बहिणी एकमेकींना मेल्या होत्या.

"शांतवना, गाडी काढ," ती म्हणाली. "आटपाडीला जायचंय. बहिणीकडं."

शांतवनच्या हातातलं फडकं थांबलं. "मावशी, गिअरबॉक्स..."

"गिअरबॉक्सचं मला सांगू नगंस. रोज नवरीवानी आंघूळ घालतुस तिला. बिघडलेल्या गाडीला कोन आंघूळ घालतं रं?"

आत संयोगिता तोंडावर पदर धरून हसली. शांतवननं दुसरी वाट काढून पाहिली. "यष्टीनं जावा की. विट्याला बदलायची फक्त."

हरणाबाई दोन पावलं जवळ आली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "यष्टीनं गेले आन तिनं दार न्हाई उघडलं, तर माघारीच्या गाडीपतोर मी कुटं बसू? तिच्या दारात? तुजी गाडी असली तर लगोलग फिरता येतंय."

यावर नाही म्हणणं शांतवनला जमलं नाही. त्यानं दाराकडं पाहिलं, बायको काहीतरी कारण काढील म्हणून. संयोगिता म्हणाली, "जावा. डबा बांधते."

कऱ्हाडपर्यंत तो हायवेच्या कडेकडेनं बैलगाडीसारखा गेला. मागून येणारे त्याच्याकडं रागानं बघत पुढं निघून जात होते. ओगलेवाडी मागं पडली तसा रस्ता जरा मोकळा झाला. दोन्ही अंगांना तोडणीला आलेला ऊस उभा होता, बांधावर पांगारे लालभडक फुलले होते. हरणाबाई एकसारखी बोलत होती. पाळकांचा उपदेश, शेजारणीची कोंबडी, उपासात दुखणारे गुडघे. शांतवन नुसतं "व्हय, व्हय" करत होता. त्याचं सगळं लक्ष स्वतःच्या छातीकडं होतं.

सुर्ली घाट काही मोठा नव्हे. लडाखच्या मानानं तर तो अंगणातला चढ. पण मधल्या वळणावर पुढं उसाचा ट्रॅक्टर आला, दोन ट्रॉल्या टम्म भरलेल्या, मुंगीच्या पावलानं चढणारा. मागं टेम्पो येऊन चिकटला आणि हॉर्न वाजवायला लागला. पुढं जाता येईना, मागं सरकता येईना. शांतवनचे हात ओले झाले. फाटकातली ती सगळी कळ पुन्हा छातीत उठली. त्यानं कसाबसा कडेचा रुंद तुकडा गाठला, जीप बाजूला घेतली, किल्ली फिरवली आणि डोकं स्टेअरिंगवर टेकलं.

"पोटात ढवळतंय व्हय?" हरणाबाईनं पिशवीतून लिंबू काढून पुढं केलं. "हुंग ह्ये."

शांतवननं मान हलवली. ज्या गोष्टीला त्यानं इतके दिवस गिअरबॉक्स म्हटलं होतं, तिचं खरं नाव त्याच्या तोंडून आपसूक बाहेर पडलं.

"मावशी, मला भ्या वाटतंय."

मिलिटरीतला माणूस असं बोलला की लोक हसतील, निदान चकित होतील, असं त्याला वाटत आलं होतं. हरणाबाईनं लिंबू परत पिशवीत ठेवलं.

"व्हय का?" ती म्हणाली. "मला बी."

त्यानं मान वर केली. म्हातारीनं पिशवी छातीशी घट्ट धरली होती. "मगापासनं बडबडतीया ती त्याच्यापायीच. धोंडी दार उघडंल का तोंडावर लावंल, ह्येच डोक्यात. दर वर्षी उपासाचं दिस आलं की ठरवते, औंदा जायचं. आन दर वर्षी काय तरी कारन काढते." तिनं हात जोडून कपाळाला लावले आणि पुन्हा खाली घेतले. "देवाशी मी रोज बोलते. बोलते कसली, भांडते. पर आज तोंडातनं शब्द न्हाई निगत. तू कर रं माज्यासाठी प्रार्थना."

"मी सोडलीया, मावशी."

"का?"

"त्यानं मला सोडलं. फाटकात."

"मग त्याला सांग की तसं! मला म्हातारीला कशाला सांगतुस?" तिचा आवाज पुन्हा खणखणीत झाला. "तुज्यासाठी नगं करूस. माज्यापुरती कर. पर कर लवकर, ऊन व्हायलंय."

शांतवननं टोपी काढून मांडीवर ठेवली. मग तो अडखळत म्हणाला, "प्रभो, ह्या हरणामावशीला भ्या वाटतंय. बहीण दार उघडंल का न्हाई, तिला ठावं न्हाई. तिच्यासंगं ऱ्हा. तिला येकटी सोडू नगंस." इथं त्याला आमेन म्हणायचं होतं. पण तोंड एकदा उघडलं होतं आणि ते मिटेना. "आन मला बी भ्या वाटतंय, प्रभो. लय. गाडीत वाटतं, चर्चात वाटतं, निजताना वाटतं. मी तुज्यावर रुसलोय. त्या दिवशी फाटकात तू का न्हाई आलास? मी म्होरं बगितलं, तर कुनीच न्हवतं. आता मला न्हाई जमत येकट्याला. माघारी घे मला."

भरदार छातीचा तो गडी लेकरासारखा रडला. हरणाबाईनं त्याला गप केलं नाही. ती आपल्या जागी डोळे मिटून बसली होती आणि तिच्याही गालांवरून पाणी चाललं होतं.

आभाळ उघडलं नाही की कुठून आवाज आला नाही. खाली उतरणाऱ्या ट्रकमधून कुणीतरी डोकं बाहेर काढून ओरडलं, "काय मामा, पंचर का?"

"न्हाई रं!" हरणाबाई आतून ओरडली. "प्रार्थना!"

ट्रकवाल्याला काय समजलं कोण जाणे. तो म्हणाला, "मिळतोय की टायर कडेगावात!" आणि निघून गेला. शांतवन आणि हरणाबाई एकमेकांकडं बघत राहिले, आणि मग दोघांना हसू फुटलं. हसता हसता म्हातारीला ठसका लागला, शांतवननं तिला पाणी दिलं, तेच पाणी तो स्वतःही प्यायला. छाती अजून धडधडत होती. पण इतक्या महिन्यांनी त्यानं देवाला तोंडावर काही सुनावलं होतं, आणि ते ऐकून घेतलं गेलं, असं त्याला आतून वाटत होतं. कसं ते त्याला सांगता आलं नसतं. आई रागावलेल्या पोराचं सगळं ऐकते आणि वर जेवायला वाढते, तसलं काहीतरी.

त्यानं किल्ली फिरवली. पुढचा चढ हरणाबाई गप्प बसली आणि शांतवनच बोलत राहिला.

विटा, खानापूर, भिवघाट गेलं. ऊस मागं राहिला, बाभळी आणि डाळिंबाच्या बागा लागल्या. आटपाडीच्या अलीकडं एका वस्तीवर धोंडुबाईचं घर होतं. पुढं मेंढरांचा वाडा, मागं बाग, दारात लिंबाचं झाड. झाडाखाली एक म्हातारी सुपात तूर पाखडत बसली होती. जीपचा आवाज ऐकून तिनं डोळ्यांवर हात धरला.

"कोन हाय?"

हरणाबाई जीपमधून उतरली खरी, पण जीपचं दार सोडेना. शेवटी शांतवनच पुढं झाला. "पाव्हनं हायती. उंब्रजचं."

धोंडुबाईचं सूप मांडीवरच राहिलं.

"उंब्रजचं म्हंजी... हरनी?"

"व्हय," हरणाबाई म्हणाली.

"येवडा उशीर करत्यात व्हय गं?" धोंडुबाई उठली, तूर सगळी मातीत सांडली. "हुबी का ऱ्हायलीस? पाय धू आदी!"

पाय धुवायला दिलेलं तांब्याभर पाणी सांडून गेलं, कारण दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या होत्या. धोंडुबाईचा लेक सिद्धू बागेतून धावत आला. घरात कुणी गेलं की काय, असं त्याला वाटलं होतं. आईला रडता रडता हसताना बघून तो दारातच थबकला.

मग चहा झाला, भाकरी झाली, आणि आईनं जाताना नेमकं काय म्हटलं होतं यावरून दोघींचं कडाक्याचं भांडणही झालं. भांडण रंगात आलं असताना धोंडुबाई मध्येच म्हणाली, "म्या बी आले हुते येकदा. उंब्रजच्या स्टँडापतोर. च्या प्याले, तुज्या गल्लीचा पत्ता इचारला आन माघारीच्या यष्टीत बसले. भ्या वाटलं, तू हाकलून दिशील म्हनून."

"अगं माजे बाई!" हरणाबाईनं कपाळाला हात लावला. शांतवन भाकरीचा तुकडा हातात धरून बघतच राहिला.

उन्हं कलायला लागल्यावर त्यानं निघायची भाषा केली, तेव्हा हरणाबाई त्याच्याकडं असं बघू लागली, जणू तो कोण हेच तिला आठवत नव्हतं.

"तू जा की. मी ऱ्हाते आता. आटवड्यानं ये न्ह्यायला."

"मावशी, मी येकटा?"

"येकटा कशानं? मगाशी घाटात कुनासंगं बोलत हुतास मग?"

सिद्धूनं डाळिंबांची पाटी जीपमध्ये ठेवली. शांतवन निघाला. सगळी वाट तो मोठ्यानं बोलत आला. ट्रॅक्टरांची तक्रार केली, मसूरच्या फाटकाचा हिशेब पुन्हा एकदा मांडला, संयोगितानं विचारलं नाही त्याबद्दल आभार मानले. समोरून येणाऱ्यांना वाटलं असेल, हा फोनवर भांडतोय. सुर्ली घाट उतरताना छातीत एकदा कळ आली. "आली बग, प्रभो," त्यानं सांगितलं आणि गिअर बदलला. कळ जरा वेळ राहिली आणि गेली.

चिंचेखाली जीप लागली तेव्हा आभाळात अजून उजेड होता. संयोगिता धावत बाहेर आली. "मावशी कुटं हायत?"

"ठिवून आलो."

"मग एवढ्या लांबनं येकटं आलात?"

शांतवन हसत सुटला. कितीतरी दिवसांनी त्याचं ते मोठं हसू ऐकून शेजारचे दारात आले. डाळिंबं तिथंच वाटून संपली.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. गोळ्या चालू राहिल्या, डॉक्टरांकडं जाणं चालू राहिलं. कधी स्टँडवर नंबर लागायच्या आत हात ओले व्हायचे. पण आता तो लपवत नव्हता. "जरा थांबा मंडळी, छाती वाजायलीया," असं तो जीपमधल्या माणसांना सांगून मोकळा व्हायचा, आणि गंमत म्हणजे कुणी उतरून जायचं नाही. उलट मागून कुणीतरी म्हणायचं, "माजी बी वाजती वो हवालदार, कोर्टाची तारीख आली की." ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी खुंटीवरचा शर्ट त्याच्या अंगात होता. तो दाराजवळच्या बाकावर बसला. उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, लांब उपासनेत मूक प्रार्थना आली तेव्हा त्याला घाम फुटला. तो उठून बाहेर गेला, नळाचं पाणी तोंडावर मारलं आणि परत आत येऊन बसला. पाळक इंद्रजितांनी ते पाहिलं आणि पुढची प्रार्थना जरा मोठ्या आवाजात घेतली.

ईस्टरच्या पहाटे चर्चच्या अंगणात उपासना होती. सूर्य मसूरच्या अंगानं वर येत होता, ढोलकी आणि झांजा रंगात आल्या होत्या. पहिल्या सतरंजीवर हरणाबाई बसली होती आणि तिच्या शेजारी डोक्यावर पदर, कपाळाला भंडारा लावलेली धोंडुबाई. शांतवन आदल्या दिवशीच तिला आटपाडीहून घेऊन आला होता. गाणं चालू असताना दोघींची कुजबूज पार मागपर्यंत ऐकू येत होती.

"हितं कवा उटायचं, कवा बसायचं, सांग की गं."

"माज्याकडं बगून कर."

"तू तर झोपलीस मगाशी!"

"डोळं मिटलं हुतं. तुजा बिरोबा रागवायचा न्हाई नव्हं?"

"माजा बिरोबा आन तुजा येशू, त्येंचं त्येंनी बगावं. आपन गाऊ."

साक्षीसाठी पाळकांनी शांतवनचं नाव घेतलं. तो उठला, मिशीवरून हात फिरवला. बायका पदर हातात धरून तयार बसल्या. पण या खेपेला बर्फ नव्हता, कडा नव्हता. "मी भ्यालो हुतो," तो म्हणाला. "देवाला तसं सांगितलं. त्यानं हाकललं न्हाई." एवढं बोलून तो बसला. संयोगितानं सगळ्यांसमोर त्याचा हात धरला, तो त्यानं सोडवून घेतला नाही.

उपासना संपल्यावर चहा आणि गोड शिरा वाटला गेला. धोंडुबाईनं दोन वाट्या खाल्ल्या आणि तोंड पुसत विचारलं, "ती कोयना कोयना म्हनत्यात, ती हितनं लांब हाय का रं? आमच्याकडं कॅनॉलानं पानी आलं, तवापासनं धरान म्हंजी कसलं असतंय ते बगायचं हाय मला."

"पाटणाच्या म्होरं. तासा-दीडतासाची वाट."

"मग चल की."

हे ऐकून आणखी चौघी उठल्या. पाळकांच्या आईनं चपला शोधायला सुरुवात केली. संयोगितानं उरलेला शिरा डब्यात भरला. जीपमध्ये म्हाताऱ्या दाटीवाटीनं बसल्या, खिडकीच्या जागेवरून भांडल्या, एकीची काठी दुसरीच्या पदरात अडकली. शांतवननं दार लावलं, सगळ्यांचे हात आत आहेत का ते पाहिलं, आणि पाटणच्या रस्त्याला जीप लावली. मागं कुणीतरी गाण्याला सुरुवात केली होती. सूर प्रत्येकीचा वेगळा होता आणि कुणी कुणासाठी थांबायला तयार नव्हतं.